गळ्यातलं बोंड आणि टिंचरची बाटली

माझा गळा सुजला आहे हा शोध आमच्या घरात कापसाच्या भावामुळे लागला. ऐकणाऱ्याला हे चमत्कारिक वाटेल, पण झालं ते असंच. तिकडे अमेरिकेत भाऊबंदकीची लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला, आणि पातूरच्या वाटेवरच्या आमच्या गावाला काही वर्षं असे दिवस आले की माणसं जमिनीवर कमी आणि हवेत जास्त चालू लागली. पहाटेपासून अकोल्याकडे कापसाच्या गाड्या लागायच्या. घंटा, चाकांचा करकराट, गाडीवानांच्या शिव्या, आणि घरोघरी बायका कापसातून सरकी काढायला बसल्या की लाकडी रेच्यांची ती कुईकुई. ती कुईकुई थांबली की आम्हा पोरांना झोपेतून जाग यायची. गावात कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या टोप्या घातल्या. कुणी छत्री आणली आणि ती उन्हात जुनी होऊ नये म्हणून घरातच उघडून बसू लागला. आमच्या बाबांनी आरसा आणला. माणसाच्या छातीएवढा, नक्षीच्या चौकटीचा. तो गाडीत कापसावर निजवून अकोल्याहून आणला आणि बैठकीच्या भिंतीवर दारासमोर टांगला. तोवर आमच्या घरात तळहाताएवढी एक काच होती, तीही आत्याबाईच्या कुंकवाच्या पेटीत. आत्याबाई विधवा झाल्यावर तिनं कुंकू सोडलं, पण पेटीवरचा हक्क सोडला नाही. त्यामुळे आपण संपूर्ण कसे दिसतो हे आमच्या कुळात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि सगळे सुखी होते.

आरसा टांगल्यावर सगळं घर त्याच्यासमोर उभं राहिलं. मला तेव्हा मिसरूड फुटत होतं, म्हणून मी हनुवटी वर करून ते बघत होतो. माय मागून म्हणाली, "कावून रे, तुह्या गळ्यात काय अडकून राह्यलं?" मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "गीळ बरं." मी आवंढा गिळला. आरशात माझ्या गळ्याच्या मधोमध लिंबाएवढं काहीतरी वर गेलं आणि पुन्हा खाली येऊन बसलं. बाबा म्हणाले, "काचेतच खोट दिसते. उद्या वापस करतो." मग माय समोर आली, तिनं बोटांनी चाचपलं, आणि काचेत खोट नाही असं ठरलं. आत्याबाईनं निकाल दिला, "गलगंड हाये. आमच्या चुलत सासूले होता. मरेपर्यंत तिनं पदर सोडला नाही गळ्यावरचा." दुसऱ्या दिवशी गावातल्या पोरांना बातमी लागली, आणि माझं नाव पडलं बोंड. मी दिसलो की कुणीतरी विचारायचं, "काय गड्या, बोंड कधी फुटते? वेचाले बाया लावा लागते का?"

मला त्याचं फार वाटत नसे, असं मी आता लिहू शकतो. तेव्हा मी विहिरीत वाकूनही गळा बघत असे. पण मायचं दुखणं निराळं होतं. माझ्यासाठी तेल्हाऱ्याचं एक स्थळ आलं होतं. ती मंडळी येऊन बसली, गुळपाणी झालं, आणि त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहत पाहत आपलाच गळा चाचपला. मग त्यांना एकाएकी आठवलं की घरी म्हैस व्यायची आहे. म्हशीच्या बाळंतपणाला निघालेली ती माणसं परत काही आली नाहीत. त्या दिवसापासून मायनं एक ध्यास घेतला. आमच्यात मुलाचं लग्न वेळेवर झालं नाही की लोक आधी मुलाचं, मग घराचं आणि शेवटी आईच्या माहेरचं काय काय बोलतात, आणि गळा मायच्या माहेरच्या वळणावर गेला आहे असं आत्याबाई आत्ताच बोलू लागली होती. बाबांनी सांगून टाकलं, "याच्या पुढं कोणी पावना आला त गळ्याचं नाव काढायचं नाही. झाकायचा." म्हणजे दोन कामं ठरली. गळा बरा करायचा, आणि होईपर्यंत झाकायचा.

अकोल्याच्या वैद्याकडे जायची सोय नव्हती. अकोल्याच्या बाजारात सगळ्या वऱ्हाडचा कापूस यायचा आणि त्याच गाड्यांतून सगळ्या वऱ्हाडच्या बातम्या परत जायच्या. म्हणून मला अमरावतीला नेलं. तिथं माझे गोविंदमामा कापसाची दलाली करत. मामांचा स्वभाव असा की जे काही असेल ते अजून थोडं असावं. भाजीत मीठ, बोलण्यात हात, पागोट्याला फेरे, सगळं अजून थोडं. ते मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरानं गळा दाबला, जीभ बघितली आणि कंपौंडरकडे धाडलं. कंपौंडर बुऱ्हाणपूरकडचे एक बोलघेवडे मियाँसाहेब होते. त्यांना रोगी कमी आणि श्रोते जास्त लागत. त्यांनी एक छोटी बाटली काढली. आत अभ्रकासारखे चकाकणारे काळपट तुकडे. "ये देखो," म्हणाले, आणि एक कण तापलेल्या पळीत टाकला. मला वाटलं मेणासारखा वितळेल. पण त्यातून सरळ धूर निघाला, आणि धूर कसला, पिकल्या जांभळाच्या रंगाचा. मी जन्मात रंगीत धूर पाहिला नव्हता. त्या धुराचा वास नाकात सुईसारखा शिरला आणि मामांना शिंका लागल्या. हे द्रव्य समुद्रातलं शेवाळ जाळून त्याच्या राखेतून काढतात, आणि दारूच्या अर्कात विरघळवलं की त्याचं टिंचर होतं, असं त्यांनी सांगितलं. ते तपकिरी टिंचर त्यांनी एका बाटलीत भरलं. भरताना एक थेंब त्यांच्या डब्यातल्या भाकरीवर पडला, आणि भाकरीवर शाई सांडावी तसा निळा-काळा डाग उठला. मियाँसाहेब हसले. "जिधर आटा, उधर नीला. घी पे डालो, कुछ नहीं. चमडी पे डालो, भूरा." आणि तेवढी भाकरी मोडून त्यांनी खिडकीबाहेर टाकली. मी हे सगळं नीट ऐकलं आणि नीट लक्षात ठेवलं. लक्षात ठेवलेली गोष्ट वेळेवर उपयोगी पडावी एवढी अक्कल मात्र त्या बाटलीबरोबर मिळाली नव्हती.

औषध दिवसातून एकदा, पिसानं, पातळ लावायचं होतं. मला परतीच्या बैलदमणीत बसवताना मामा म्हणाले, "एकदा लावून बरं होते त दोनदा लावून लवकर होते." घरी आल्यावर आत्याबाईनं ते तिसऱ्यांदाही लावायला सुरुवात केली. गळ्याची आग व्हायची, कातडी कांद्याच्या सालीसारखी निघायची, आणि हनुवटीखालून छातीपर्यंत मी नव्या मडक्याच्या रंगाचा झालो. माय दर सोमवारी सुताच्या धाग्यानं गळा मोजायची आणि धाग्याला गाठ मारायची. गाठ कधी पुढे, कधी मागे. आता मला वाटतं, ती ज्या दिवशी धागा ओढून धरायची त्या दिवशी मी बरा होत असे.

अशात हिवरखेडहून निरोप आला. उकंडराव पाटलांना आपली मुलगी द्यायची होती आणि ते स्वतः मुलगा बघायला येणार होते. घर चांगलं, जमीन काळी, माणसं सरळ. पण उकंडरावांची एक ख्याती होती. कापसाचा भाव चढला तसं कापसात पाणी, माती, दगड असं सगळंच चढू लागलं होतं, आणि एकदा त्यांनी घेतलेल्या कापसाच्या गठ्ठ्यात मधोमध जात्याची तळी निघाली होती. त्या दिवसापासून हा गृहस्थ कशावरच विश्वास ठेवीत नसे. तूप तळहातावर चोळून वास घ्यायचे, गूळ फोडून आत बघायचे, आणि कुणी नमस्कार केला तरी हात उलटे करून बघतील अशी त्यांची नजर. मायनं हे ऐकलं आणि ती देवापुढे जाऊन बसली. बाबा एवढंच म्हणाले, "झाकायचं."

झाकण्याची योजना आत्याबाईची. नागपूरहून आणलेलं जरीच्या काठाचं पांढरं उपरणं होतं. ते गळ्याभोवती दोन वेढे देऊन असं बसवायचं की हलायला नको. उपरणं मऊ असतं, ते घसरतं, म्हणून त्याला खळ करायची. आमच्याकडे उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू भिजवून त्याचा चीक काढतात. आत्याबाईनं तोच चीक शिजवून दाट खळ केली आणि उपरणं त्यात बुडवून वाळवलं. कापसाच्या त्या दिवसांत आमच्याकडे पातळ काही होतच नसे. उपरणं वाळलं तेव्हा ते खाटेच्या कडेला उभं केलं तर उभं राहत होतं. मियाँसाहेबांची भाकर मला या वेळी आठवायला हवी होती. पण खळ म्हणजे पीठच, हे मला कसं सुचणार? माझ्या लेखी पीठ म्हणजे खायची वस्तू, आणि उपरणं मी खात नव्हतो.

पाहुणे येण्याच्या दिवशी सकाळी मामा अमरावतीहून हजर झाले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं गळ्यावर टिंचरचा जाड थर दिला. त्यांची समजूत अशी की आज जास्त लावलं तर दुपारपर्यंत तरी गळा धाकात राहील. वरून उपरण्याचे दोन वेढे. घरात पुरण शिजत होतं, चुलीचा धूर आणि वेलदोड्याचा वास, कढईत कुरडया फुलत होत्या, आणि मला घाम फुटला होता. माय वाटीभर पुरण द्यायला आली आणि तिच्या हातातली वाटी खाली पडली. उपरण्याच्या आतल्या घडीवर शाईसारखा निळा डाग उमटला होता आणि बाहेर येत होता.

दुसरं उपरणं नव्हतं. बाकीची सगळी बाबांच्या आणि मामांच्या खांद्यावर, आणि तीही तशीच खळीची. आत्याबाई डगमगली नाही. तिनं तांब्यात रसरशीत इंगळ भरले आणि ओलसर उपरण्यावर तापला तांब्या फिरवला. आणि काय सांगू, डाग गेला. पांढरं शुभ्र. तांब्या जिथून जाई तिथला निळा रंग पळून जाई. आत्याबाई म्हणाली, "पाय. धुणं आमी जनमभर केलं." तोवर दारात गाडीच्या घंटा वाजल्या. गरम उपरणं तसंच माझ्या गळ्याभोवती बांधलं आणि मला बैठकीत नेऊन बसवलं. हा रंग तापला की लपतो आणि थंड झाला की परत येतो, हे त्या भरल्या घरात कुणालाही ठाऊक नव्हतं. मियाँसाहेबांनीही सांगितलं नव्हतं. त्यांची भाकर थंडच होती.

मी बसलो तो नेमका आरशासमोर. पाहुणे आरशाकडे पाठ करून बसले होते. मधे उकंडराव, अंगानं वाळलेले, मिशा मात्र भरघोस, आणि बाजूला त्यांचे दोन भाऊबंद. त्यांनी अकोल्याहून पेढे आणले होते, ते मधे ठेवले. गुळपाणी झालं. फराळाला कुरडयांची ताटं आली. उकंडरावांनी पाण्याचा वास घेतला. मला विचारलं, "शेतात जाता का?" मी म्हटलं, जातो जी. "कापूस वेचता का बाया वेचते आन तुमी पाहता?" मी म्हटलं, वेचतो. "दाखवा हात." मी हात पुढे केला, आणि त्याच वेळी समोरच्या आरशात मला माझ्या गळ्याशी एक निळी रेघ दिसली. उपरणं थंड होत होतं. रेघ रुंदावली. मग दुसरी आली. ज्या आरशानं माझा गळा जगाला दाखवला तोच आता मला माझं लग्न मोडताना दाखवत होता, आणि मला मान फिरवायची सोय नव्हती, कारण फिरवली तर वेढा सुटला असता. माय आतल्या दाराआड उभी होती. तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

उकंडरावांनी माझा हात पाहून झाल्यावर नजर वर केली. निळी रेघ वरपासून खालपर्यंत बघितली. मग बाबांना म्हणाले, "दाजी, पोट्टा रंगवून बसवला का तुमी?"

"नाही जी, घाम हाये," बाबा म्हणाले.

"निळा घाम? आमच्या तिकडे पांढरा येते." त्यांनी बोट ओलं केलं, उपरण्याची घडी खाली ओढली आणि गळ्यावर बोट घासलं. बोट तपकिरी झालं. उपरणं सुटलं. बोंड समोर आलं. एक भाऊबंद पागोटं सावरून उठायला लागला, आणि मला वाटलं आता यांच्याही घरी म्हैस व्यायला झाली.

बाबांनी घरातल्या सगळ्यांना बजावलं होतं की नवऱ्या मुलानं विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. पण मायचा चेहरा दाराच्या फटीत दिसत होता. मी बोललो. "जी, गळ्याले गाठ हाये. तिचं औषध हाये ते. रंग नाही. पिठाले लागलं का निळं होते. उपरण्याले गव्हाची खळ हाये."

"पिठाले लागलं का निळं," उकंडराव म्हणाले. "आन हे मी मानायचं."

मी आत जाऊन बाटली आणली आणि त्यांच्याच ताटातल्या कुरडईवर थेंब टाकला. पांढरी कुरडई अशी गडद निळी झाली की भाऊबंद पुन्हा खाली बसला. उकंडरावांनी कुरडई उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "भाकरीवर टाका." भाकर निळी-काळी. "तुपावर." तुपावर थेंब तपकिरीच राहिला. ते पुढे सरकले. आपण मुलगा बघायला आलो आहोत हे त्यांच्या चेहऱ्यावरून पार पुसलं गेलं. "दह्यावर टाका. आता या पेढ्यावर."

"पेढे तुमचेच हायेत जी," मामा म्हणाले.

"म्हनूनच टाका."

पेढ्यावर थेंब पडला आणि पेढा कुरडईसारखाच निळा झाला. बैठकीत पहिल्यांदा उकंडरावांचा आवाज चढला. "सिंगाड्याचं पीठ कालवलं त्यानं. माह्या डोळ्यापुढं खवा घोटला, आन पीठ कालवलं." त्यांना राग आला होता की आनंद झाला होता, हे आजही मला ठरवता येत नाही. जन्मभर कुणावर विश्वास ठेवला नाही त्याचं त्यांना त्या दिवशी फळ मिळालं होतं. त्यांनी बाटली माझ्या हातून घेतली ती घेतलीच. मामांच्या पागोट्यावर थेंब, निळं. बाबांच्या उपरण्यावर थेंब, निळं. आपल्या भाऊबंदाच्या धोतरावर टाकला तेव्हा तो म्हणाला, "मी मुलगा नव्हं, दादा." पुरणाच्या पोळीवर थेंब टाकला आणि आत्याबाई आतून ओरडली की नैवेद्य अजून दाखवायचा आहे.

शेवटी बाटलीत तळाशी थोडं राहिलं. उकंडराव माझ्यासमोर येऊन बसले आणि त्यांनी एक थेंब माझ्या मनगटावर टाकला. आम्ही दोघं त्या थेंबाकडे बघत बसलो. सगळं घर बघत होतं. थेंब तपकिरी होता, तपकिरीच राहिला. त्यांनी अंगठ्यानं तो पुसून पाहिला, पुन्हा वाट पाहिली, आणि बाबांकडे वळून म्हणाले, "पोट्ट्यात पीठ नाही."

"अन गळ्याचं?" मायला राहवलं नाही, ती दाराआडून बोलली.

"सरकीसकट घेतो, वयनी. तुमी लपवली होती, पर सापडली. सापडलेली सरकी वजनातून कापता येते." मग काहीसे लाजून त्यांनी मागणी घातली. त्यांना मुलीसाठी दागिना नको होता, मानपान नको होता. बाटली हवी होती.

बाटली गेली आणि माझं औषध संपलं. लग्नाच्या पंगतीत ते बाटली घेऊन आमच्या आचाऱ्यामागे फिरत होते हे मी बोहल्यावरून पाहिलं. पुढे दीड-दोन वर्षांत तिकडची लढाई मिटली, कापसाचा भाव कोसळला, शिंगांवरच्या टोप्या उतरल्या, आणि त्याच सुमारास माझा गळाही आपोआप उतरला. दोहोंचा काही संबंध असेल असं मला वाटत नाही, पण गावात तसं मानणारे आहेत. आता धाकटा मुलगा मुंबईला डॉक्टरी शिकतो. मागच्या सुटीत त्यानं सांगितलं की विलायतेत कुणी शोधून काढलं, त्या बाटलीतलं द्रव्य माणसाच्या गळ्यातल्या ग्रंथीतच मुळात असतं, आणि ते कमी पडलं की गळा फुगतो. म्हणजे मामा, आत्याबाई आणि मी मिळून जे बाहेरून थापत होतो ते आत हवं होतं. मी हे आमच्या कुटुंबाला सांगितलं. तिनं तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं. तिच्या दृष्टीनं ती बाटली तिच्या वडिलांची. आमच्या गळ्याचा तिच्याशी काही संबंध नाही.

एक गोष्ट मात्र तिनं संसारात कधी होऊ दिली नाही. माझ्या उपरण्याला खळ. भाऊबंदांची उपरणी लग्नकार्यात ताठ उभी असतात आणि माझं उपरणं खांद्यावर निजलेलं असतं. परवा थोरल्याच्या मुलाचं बारसं होतं, गावची मंडळी जमणार होती. मी म्हटलं, आज एक दिवस तरी खळ कर, आजोबा झालो आहे, चार लोकांत जरा ताठ दिसू दे. ती धुणं झटकत होती. हात न थांबवता म्हणाली, "बाबानं तुमाले पीठ नाही म्हनून पसंत केलं होतं. आता काहून भरता?"